कवळीतला वाकडा दात

गेले काही रविवार तुम्हा दोघांना फोनवर माझ्याऐवजी छताचा पंखा दिसला. तुमच्या बाबाला मी कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं होतं. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. माझ्या हिरड्यांवर लेझरने उपचार झाले होते आणि तुमच्यासमोर तोंड दाखवायची मला भीती वाटत होती. भीती कशाची, ते नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही जड नव्हतं. कॉन्व्हेंटात शिकले आणि पुढे जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण ही माझ्या आईची हकीकत आहे, आणि आईशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही. अडेल तिथे बाबाला विचारा. तोही अडला तर मला फोन करा.

हिरड्यांतून रक्त येणं माझ्या सवयीचं झालं होतं. सकाळी ब्रश धुताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायचं. नळ सोडून ते घालवायचं आणि कामाला लागायचं, एवढंच. मग एकदा पेरू खाताना वरचा पुढचा दात हलल्यासारखा वाटला. जिभेने लोटून पाहिला. हलला. शेजारचाही हलला. या शेजारच्या दाताला तुम्ही ओळखता. तो वाकडा आहे, पुढच्या दातावर अर्धा चढून बसलेला. धाकटीला हुबेहूब तसाच आला होता आणि तिकडच्या डॉक्टरांनी तारा बांधून तो सरळ केला. माझा कुणी केला नाही. माझ्या आईचाही तसाच होता.

आमची दातांची डॉक्टर वयाने तुमच्या आईहूनही लहान आहे. नागपूरची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदुरात आली. आम्ही आता राहतो त्या राऊहून शहराकडे जाताना रस्त्यातच तिचा दवाखाना लागतो. तिने एक्स-रे पडद्यावर लावला आणि पेनच्या टोकाने दाखवलं.

"काकू, हिरडी दातापासून सुटली आहे. आत खोल खिसे झालेत. दाताला धरून ठेवणारं हाडही झिजलंय."

"म्हणजे दात जाणार?"

"लेझरने आतला खराब भाग काढू. मग हिरडी दाताला पुन्हा धरते का ते बघायचं. धरली तर दात राहतील. नाहीच धरली, तर काढून कवळी..."

"लेझर करा," मी म्हणाले.

तुमचे आजोबा शेजारच्या खुर्चीत होते. "अगं, घरी जाऊन जरा विचार तर कर!"

"झाला करून."

तेव्हापासून माझ्यापुढे एकच प्रश्न होता. हे दोन दात राहतात की जातात. ऐकायला क्षुल्लक आहे. माझ्या वयाच्या बायकांना यापेक्षा कितीतरी मोठी दुखणी असतात. पण माझ्या आईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, ती शेवटी कशी गेली ते मी पाहिलं आहे, आणि तसं जायची मला भीती वाटते. नुसत्या जाण्याची फारशी वाटत नाही.

आईला पायरिया झाला तेव्हा मी शाळेत होते. त्या काळी त्यावर उपाय म्हणजे दात काढणं. काही आपोआप सुटले, उरलेले काढले. तुमच्या आईचं आज जे वय आहे तेवढंही तिचं नव्हतं. मग कवळी बसवून आली. आम्हा मुलांना तिच्यात काही फरक दिसला नाही. आई जशी दिसायची तशीच दिसत होती, आणि तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

कवळीशिवाय तिला कुणी पाहिलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. ती धुवायची तर न्हाणीघराचं दार लावून धुवायची. आजारी पडली, ताप चढला, तरी तोंडातली कवळी तोंडात. हसू आलं की तिचा पदर आधी तोंडावर जायचा आणि मग ती हसायची. आणि बोलायच्या आधी एक आवाज यायचा. टक्. कवळी जागेवर बसल्याचा तो आवाज. साधं काही असेल तर हलका, अवघड काही सांगायचं असेल तर जरा मोठा. मला शाळेत जास्त गुण मिळाले तरी टक्, माझ्यासाठी स्थळ आलं तरी टक्. लग्न होऊन मी भोपाळला गेले तेव्हा फोनवर आधी तो आवाज यायचा आणि त्यामागून "कशी आहेस गं?"

ती गेली ते जुन्या इंदुरातल्या आमच्या घरी, दुपारच्या वेळी. काही आठवडे अंथरुणावर होती. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, घरात सगळ्यांत मोठी. आमच्याकडचे पूर्वज संस्थानच्या दरबारात कारकुनी करणारे. रीतीरिवाजात कुठे काना-मात्रा चुकलेला आत्याला खपत नसे. डॉक्टर सांगून गेले तसं तिने मला देवघरातून गंगाजलाची कुपी आणि तुळशीची पानं आणायला पाठवलं. शेवटच्या घटकेला तोंडात तुळशीपत्र, गंगेचं पाणी आणि सोन्याचा कण घालतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

मी परत आले तेव्हा आईच्या गालांचा खळगा झाला होता. उशाशी स्टीलच्या वाटीत कवळी होती.

"आत्या, हे काय?"

"अगं, तुळस ठेवायची तर तोंड मोकळं नको? बाहेरचं काही तोंडात ठेवून माणूस पाठवत नाहीत."

आई अजून होती. डोळे मिटलेले होते, पण तिचा उजवा हात उठला आणि खांद्यापाशी काहीतरी शोधायला लागला. आत्या म्हणाली, "तुझी आई नमस्कार करते आहे बघ." तो नमस्कार नव्हता. ती पदर शोधत होती. अंगावर चादर होती, पदर नव्हता. मी चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते तोंडापर्यंत नेलं आणि हात तिथेच राहिला.

नंतर मी आत्याला विचारलं, आता कवळी परत घालायची ना? ती म्हणाली, "आता कसली? तुळशीवर काही ठेवू नये." तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. ती रडतही होती. संध्याकाळपर्यंत माणसं दर्शनाला येत राहिली. मागच्या गल्लीतल्या एक बाई, आईबरोबर रोज भाजी आणायला जाणाऱ्या, आल्या, बराच वेळ चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "ताईजी कहाँ हैं?" त्यांना वाटलं, गेलं ते घरातलं दुसरंच कुणीतरी म्हातारं माणूस.

मी मान हलवून दाखवलं. हीच, म्हणून.

तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या तेव्हा बाबांनी ती कवळी एका पांढऱ्या डबीत घालून भटजींपुढे ठेवली. "ही पण त्यातच जाऊ दे."

भटजी बिचारे गडबडले. "दादासाहेब, दात अस्थीत धरतात खरं. पण हे काही त्यांचे नव्हेत."

"मग कुणाचे?" बाबांनी विचारलं.

 भटजी म्हणाले, "वस्तू म्हणून धरा. वस्तूचं दान करता येतं."

"कवळीचं दान? घेईल कोण?"

तिथे बसलेलं कुणीतरी फस्सकन हसलं. मग बाबाही हसले, चांगले मोठ्याने, आणि हसत हसतच आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. डबी तिथेच राहिली. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या सामानाबरोबर ती माझ्याकडे आली. मी ती उघडली नाही. टाकलीही नाही. माझ्या कपाटात शालींच्या खाली ठेवली, आणि खरं सांगते, वर्षानुवर्षं तिची आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती लेझरच्या खुर्चीत. डॉक्टरने इंजेक्शन देऊन वरचा ओठ आणि हिरडी बधिर केली. डोळ्यांवर गडद हिरवा चष्मा चढवला. केसाएवढी बारीक तार दाताच्या आणि हिरडीच्या फटीत घालतात, तिच्या टोकातून तो किरण निघतो. दुखलं अजिबात नाही. बारीक टिकटिक ऐकू येत होती, बस.

"आता थोडा वास येईल हं, काकू. घाबरू नका. नॉर्मल आहे."

आला. जळल्याचा. माझंच मांस जळत होतं आणि त्याचा वास माझ्याच नाकात जात होता. मी कधी स्मशानात गेलेले नाही. आमच्या वेळी बायका दारातूनच माघारी फिरत. तो वास मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरीसुद्धा पहिल्याच क्षणी मी तो ओळखला. हिरव्या चष्म्याआड डोळे मिटून घेतले तेव्हा मला चादरीचं टोक धरलेला हात दिसला.

घरी आल्यावर सूचना होत्या. सुरुवातीला नुसतं पातळ, तेही गार. मग मऊ. पुढच्या दातांनी काही चावायचं नाही, त्या भागाला ब्रश लावायचा नाही, औषधाच्या पाण्याने हलकेच चूळ भरायची, बोलायचं कमी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओठ वर ओढून आत बघायचं नाही. बघण्याच्या नादात भरत आलेली हिरडी सुटते. मी औषधं वेळेप्रमाणे ट्रेमध्ये मांडली, ट्रेला कागद चिकटवला, आणि सगळं तंतोतंत पाळलं. पण आरशासमोर उभं राहायचं आणि आपल्याच तोंडात काय चाललंय ते बघायचं नाही, ही गोष्ट माझ्यासारखीला फार जड जाते. आत काहीतरी ठरत होतं आणि मला दार बंद होतं.

आजोबांचं दुःख वेगळंच होतं. ते सकाळी पोह्यांची पुडी घेऊन आले.

"शेव नाही घालत. चालेल?"

मी मान हलवली. नाही.

"जिरावण? जरासा मसाला वरून?"

नाही.

"दह्यात भिजवून, चमच्याने मळून, एकदम खीर करून देतो ना यार!"

नाही.

"इंदुरात राहून शेव नाही, पोहे नाही, जिरावण नाही. मग आपण राहतोय कशाला इथे?" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर बसून माझ्या वाटणीचेही पोहे संपवले. मला हसू आलं. आणि माझा हात तोंडावर गेला.

हात आपणहून गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी दुपारी मला पहिल्यांदा तो आवाज आला. आजोबा आत झोपले होते, टीव्ही बंद होता. मी गार मऊ भाताची वाटी घेऊन टेबलाशी बसले होते. टक्. स्वयंपाकघराच्या दिशेने आल्यासारखा वाटला. उठून पाहिलं. गॅस बंद, नळ बंद, खिडकीची कडी लावलेली. परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा. टक्. जरा मोठा. अवघड काही सांगायच्या आधीचा.

मी शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि तुम्हीही ठेवू नका. पण मी त्या दुपारी वाटी तशीच ठेवून पुढचं वाक्य यायची वाट बघत बसले. ते आलं नाही.

पुढे तो आवाज रोज यायला लागला. मी एकटी आणि गप्प असले की यायचा. पुस्तक वाचताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालताना. एकदा आजोबांना विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतं का? ते म्हणाले, "मला तुझी शिट्टी ऐकू येत नाही कुकरची, हे काय ऐकू येणार!" मी विषय सोडून दिला. पण घरात आता मी आणि ते दोघेच नव्हतो. आरशात बघायची तर ओठ सुजलेला, तोंड मिटलेलं, गाल दोन्ही बाजूंनी उतरलेले. पातळ खाण्याने मी बारीकही झाले होते. त्या चेहऱ्याला मी ओळखत होते. पण तो माझा नव्हता.

त्या रविवारी तुमचा फोन आला आणि मी फोन टेबलावर उताणा ठेवला. धाकटी ओरडली, "आजी, फक्त फॅन दिसतोय!" मी म्हणाले, "बघ ना, किती स्वच्छ आहे. परवाच पुसून घेतला." तुम्ही हसलात. मी पंख्याच्या खाली, हाताने तोंड झाकून बसले होते. टक् असा आवाज आला तेव्हा थोरल्याने विचारलं, "आजी, तू काही म्हणालीस का?"

तो तुलाही ऐकू आला होता, हे तुझ्या लक्षात राहिलं नसेल. मला त्यानंतर दोन घास गेले नाहीत.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरने ओठ अलगद उचलून पाहिलं, हिरडीचा रंग चांगला आहे म्हणाली, आणि दातांमध्ये निळा कागद धरून मला हळूच तोंड मिटायला सांगितलं. त्या कागदाचा रंग जिथे दात आधी टेकतो तिथे उमटतो.

"काकू, हा वाकडा दात थोडा खाली उतरलाय. खालच्या दातावर आधी आपटतो. तोंड मिटताना टक् असा आवाज येतो का कधी?"



"कुठून येतो तो?" मी विचारलं.

"तुमच्याच तोंडातून, काकू. अजून कुठून?" ती हसली. "आत्ता जरा घासून देते. दाताला सारखा मार बसला तर हिरडी धरणार कशी?"

तिने तो दात टोकाला किंचित घासला. पुन्हा निळा कागद लावून पाहिलं, पुन्हा थोडा घासला. आता मिटा. मिटलं. आवाज नाही. मी परत परत मिटून पाहिलं. काहीच नाही.

तुम्हाला वाटेल, मला सुटल्यासारखं वाटलं असेल. गाडीत बसेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. घरी आल्यावर दुपारी टेबलाशी बसले, वाटी पुढे घेतली, आणि घर इतकं शांत होतं की मला बसवेना. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती खरी गेली ती त्या दुपारी असं वाटलं. इतके दिवस ती माझ्या तोंडात येऊन बसली होती, आणि मी तिला घासून काढायला लावलं.

मी कपाट उघडलं आणि शालींखालची डबी काढली.

आजोबा मागून आले. "काय शोधून राहिलीस?"

"आईची कवळी."

"अजून आहे?" त्यांनी चष्मा लावला. आमच्या कॉलनीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं रोज सकाळी वाजतं आणि ते ऐकलं की तुमचे आजोबा शिपायासारखे ताठ होतात. ओला वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, औषधं वेगळी, यात त्यांच्याकडून कधी चूक होत नाही. ते डबीकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "गाडीला द्यायची असेल तर प्रॉब्लेम आहे. ही जाणार कशात? गीला म्हणावं, तर नाही. सूखा म्हणावं, तर तोंडातली वस्तू. गाडीवाल्याला विचारायचं काय, भिया, ये किसके साथ जाएगी?"

मी हसायला लागले. हात तोंडावर गेला होता, तो मी मुद्दाम खाली घेतला. मग त्यांना म्हणाले, "गाडीला नाही द्यायची." ते म्हणाले, "अगं, मी कुठे देतोय," आणि माझ्या शेजारी पलंगावर बसले.

डबी उघडायला कडक झाली होती. झाकणाला चीर होती. आत कवळी होती, वरची आणि खालची, एकमेकींवर ठेवलेली, कोरडी, हिरडीचा गुलाबी रंग विटलेला. किती लहान! आईचं तोंड इतकं लहान होतं? वरची कवळी मी खिडकीच्या उजेडात धरली. पुढच्या दाताशेजारचा एक दात वाकडा होता. त्याच बाजूचा, तसाच अर्धा चढलेला. मी तो बोटाने चाचपून पाहिला. तुटला नव्हता, सरकलाही नव्हता.

पुढच्या तपासणीला मी डबी पर्समध्ये घालून नेली. डॉक्टरने कवळी हातमोज्यात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"हा दात असा कसा?" मी विचारलं.

"बसवलाय, काकू. कवळीत दात आपोआप वाकडा होत नाही. आणि बनवणारा स्वतःच्या मनाने कशाला वाकडा लावेल? ज्यांची कवळी आहे त्यांनीच सांगितलं असणार. माझा होता तसाच करा म्हणून." तिने कवळी दिव्याखाली धरली. "सुंदर काम आहे. कुणाची?"

"माझ्या आईची."

म्हणून आम्हाला फरक दिसला नव्हता. कुणा दातवाल्यासमोर बसून, पदर बाजूला करून, रिकाम्या तोंडाने तिने ते सांगितलं असेल. किती लाज वाटली असेल तिला! पण तिला सरळ दातांची दुसरी बाई होऊन घरी यायचं नव्हतं.

मग डॉक्टरने माझे दात पाहिले. सरळ दाताला हिरडीने धरलं आहे, आता तो हलत नाही. वाकड्याची हिरडी भरते आहे, पण हाडाचं आत्ताच सांगता येत नाही. "हळूहळू कळेल, काकू. राहू शकतो. जाऊही शकतो."

"गेला तर नवा लावाल तो वाकडाच लावा."

"काकू!" ती खुर्चीवरून वळली. "लोक माझ्याकडे वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात!"

"मला माहीत आहे. माझी नात त्यातलीच."

त्या रविवारी मी फोन उभा ठेवला. सूज उतरली होती, तरी ओठ अजून जरा वेगळा दिसत होता. हात मांडीवर ठेवून बसले. धाकटीने आधी पडद्याजवळ येऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुझा तो दात आहे ना अजून?" मी म्हणाले, "आहे."  मला दिसलं, धाकटे, तुझी जीभ आतून तुझ्या सरळ केलेल्या दातावर गेली होती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. तुमच्या बाबाला सांगितलं तर तो "आई, काहीतरीच काय" म्हणून विषय बदलतो. आजोबांना सांगितलं तर ते विचारतात, "तू आधी जाणार हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, मी. त्यावर "बरं," म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. म्हणून तुम्हाला सांगते. आता तुम्ही मोठे आहात.

माझी वेळ येईल तेव्हा तोंडात माझे दात असतील किंवा लावलेले असतील. असतील ते तसेच राहू द्या. तुळशीचं पान जिभेवर ठेवलं तरी चालतं, त्याला जागा लागते ती किती! कुणी मोठं माणूस हात घालायला लागलं तर तुम्ही दोघं मध्ये पडा. भांडण झालं तरी चालेल. आणि बघायला येईल त्याला मी मीच आहे हे कळलं पाहिजे.

आईची डबी माझ्याबरोबर ठेवा. ती अस्थी आहे की वस्तू, हे कुणाला विचारत बसू नका. तिचं तिला मी नेऊन देईन.

डबी माझ्या कपाटात उजव्या बाजूला, शालींच्या खाली आहे. पांढरी, झाकणाला चीर पडलेली. या घरात प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावली आहे, तेवढ्या एकीवर नाही, त्यामुळे शोधायला त्रास होणार नाही.